डास, टाकी आणि महापालिकेचा माणूस

पावसाळा लागला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक सबमिशन आणि दुसरी तापाची साथ. पहिल्या गोष्टीवर अजून कुणाला उपाय सापडलेला नाही! दुसरीवर मात्र आहे. तो उपाय करणारी माणसं प्रत्येक शहराच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत काम करतात. खांद्यावर फवारणीचा पंप, हातात टॉर्च, काखेत वही. ती होस्टेलच्या दारात आली की आपण विचारतो, "काय काका, आज धूर नाही का मारणार?"

या एका प्रश्नातच आपलं सगळं अज्ञान आलं. धूर म्हणजे डास निर्मूलन अशी आपली पक्की समजूत आहे. गाडी येते, मोठा आवाज होतो, पांढऱ्या धुरात सगळा परिसर दिसेनासा होतो आणि आपण समाधानाने खिडक्या लावून घेतो. खिडक्या लावल्या की धूर बाहेर आणि डास आत, ही गंमत वेगळीच! पण या खात्याचं खरं काम धुरात नसतं. ते असतं पाण्यात. आणि पाणी कुठे, किती आणि किती दिवस साठणार हे बहुतेक वेळा ठरवतो एक इंजिनिअर. म्हणून हा विषय आपल्या अंकात हवाच.

तीन डास, तीन स्वभाव

डास म्हटलं की आपल्याला सगळे सारखेच. पालिकेच्या कर्मचाऱ्याला तसं म्हणून चालत नाही. आपल्या शहरांत मुख्यतः तीन डासांशी त्याची गाठ असते.

पहिला अ‍ॅनोफेलिस स्टिफेन्सी. हा शहरातल्या हिवतापाचा म्हणजे मलेरियाचा वाहक. याला स्वच्छ पाणी लागतं. विहीर, गच्चीवरची टाकी, बांधकामावरचं पाणी ही त्याची आवडती ठिकाणं. चावतो तो संध्याकाळनंतर आणि रात्री.

दुसरा एडिस इजिप्ती. अंगावर पांढरे पट्टे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा हाच. यालाही स्वच्छ पाणीच हवं, पण अगदी थोडं चालतं. टायर, नारळाची करवंटी, कुंडीखालची ताटली, कूलर, फ्रीजमागचा ट्रे, काहीही. हा दिवसा चावतो. म्हणजे तुम्ही रात्री मच्छरदाणीत झोपा, हा तुम्हाला लेक्चरला गाठणार.

तिसरा क्युलेक्स. गटार, सेप्टिक टँक, तुंबलेला नाला हे याचं घर. हत्तीरोग पसरवणारा हा. संध्याकाळी डोक्यावर घोंघावणारे डास बहुधा हेच असतात.

आता गंमत बघा. आपण तक्रार करतो ती नाल्याची, कारण नाला दिसतो आणि वासही येतो. पण डेंग्यू आणि मलेरियाचे डास त्या नाल्यात सहसा होतच नाहीत. ते होतात आपल्या डोक्यावरच्या टाकीत, ज्या पाण्याने आपण आंघोळ करतो त्यात! त्रास देणारा डास वेगळा आणि आजारी पाडणारा बऱ्याचदा वेगळा. हा फरक समजला की पालिकेचा माणूस नाला सोडून आधी गच्चीची किल्ली का मागतो ते कळतं.

आठ दिवसांचं गणित

डासाचं आयुष्य चार टप्प्यांचं. अंडी, अळी, कोष आणि पूर्ण डास. पहिले तीन टप्पे पाण्यात. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार करायला तिला रक्त लागतं. एका खेपेला ती शंभराच्या आसपास अंडी घालू शकते.

या खात्याचं सगळं वेळापत्रक या सात दिवसांवर उभं आहे. साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकलं, तर अळीचा डास होण्याआधीच तिचं पाणी गेलं. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' असं भिंतीवर लिहिलेलं आपण वाचतो आणि पुढे जातो, त्यामागचं शास्त्र एवढंच आहे.

एक बारकावा मात्र महत्त्वाचा. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून. ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं पालथं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. मे महिन्यात कोरडा ठेवून दिलेला कूलर पुढच्या वर्षी पाणी घातल्यावर स्वतःचे डास स्वतःच काढू शकतो, तो यामुळेच.

अळी श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर येते. एडिस आणि क्युलेक्सच्या अळीला मागे एक श्वासनळी असते आणि ती पाण्यात डोकं खाली करून तिरकी लटकते. अ‍ॅनोफेलिसच्या अळीला अशी नळी नसते, ती पृष्ठभागाला समांतर आडवी राहते. कर्मचारी टॉर्चच्या उजेडात एका नजरेत सांगतो की ही मलेरियाची की डेंग्यूची. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पृष्ठताण शिकताना सुईचं उदाहरण देतात. अळी त्या पृष्ठताणाच्याच आधारावर लटकलेली असते. पाण्यावर तेलाचा पातळ थर दिला की हा आधार जातो आणि श्वासही बंद होतो. गटारावर अळीनाशक तेल फवारतात ते याचसाठी.

मुंबईच्या विहिरींची गोष्ट

मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्याच देशात, सिकंदराबादला पाहिलं. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी त्यांनी 'मॉस्किटो ब्रिगेड्स' नावाने ओळखलं जाणारं पुस्तक लिहिलं, शहरात डासविरोधी पथकं कशी उभारावीत यावर. म्हणजे शोध लावणाऱ्या माणसाने लगेच पुढची पायरी सांगितली, ती प्रयोगशाळेची नव्हती, नगरपालिकेची होती. पुढे रॉस यांनी गणिताने असंही दाखवलं की मलेरिया थांबवायला शेवटचा डास मारावा लागत नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की साथ आपोआप विझत जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पर्यावरणाच्या मुद्द्याला ती पुढे लागणार आहे.

मुंबईत हे काम विहिरींपासून सुरू झालं. शहरातल्या मलेरियाचा तपास करून डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये अहवाल दिला. शहरातला मलेरिया पसरतो तो स्टिफेन्सी डासामुळे आणि तो डास वाढतो घरोघरच्या विहिरींत, असा त्याचा मुख्य निष्कर्ष. उपाय सोपा होता, विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका.

पण उपाय कागदावर सोपा असतो! विहिरीचं पाणी अनेकांना पवित्र. पूजेला, विधींना तेच लागायचं. हिंदू आणि पारशी दोन्ही समाजांतून विहिरी बंद करण्याला विरोध झाला. तेव्हा मुंबई महापालिकेत असलेल्या रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी तर या वादातून सुचून विहिरींबद्दलच्या लोकसमजुतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९१८ मध्ये प्रसिद्ध झालं. काही ठिकाणी विहीर झाकून पाणी काढण्यापुरतं जाळीचं दार ठेवायची वाट निघाली. म्हणजे डास आत जाणार नाही आणि श्रद्धाही दुखावणार नाही. इंजिनिअरिंगच्या भाषेत हे एक डिझाइन सोल्युशन होतं आणि ते लोकांशी बोलून निघालं होतं.

आज मुंबईत विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली आहे. डास तोच, नियम तोच. टाकीला घट्ट बसणारं झाकण हवं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी हवी आणि तपासायला वर चढता येईल अशी पक्की शिडी हवी. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात डासांची पैदास होईल असं पाणी साठू दिल्यास नोटीस द्यायची तरतूद आहे. शिडीची अट ऐकून हसू येईल. पण शिडी नाही म्हणून टाकी तपासली नाही आणि टाकी तपासली नाही म्हणून खालच्या चार मजल्यांवर ताप, अशी ही साखळी असते.

वहीत काय लिहितात?

हे खातं वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या नावाने ओळखलं जातं, कुठे कीटकनाशक विभाग, कुठे हिवताप विभाग. १९७१ पासून केंद्राची नागरी हिवताप योजनाही आहे. तिचा भर शहरांत अळ्या मारण्यावर आहे.

कर्मचाऱ्याला ठरलेला विभाग असतो आणि त्यातली घरं तो फेरीने तपासतो. प्रत्येक घरात पाणी साठलेली भांडी मोजायची, किती भांड्यांत अळ्या आहेत ते पाहायचं, शक्य असेल तिथे ओतून द्यायचं, नसेल तिथे औषध टाकायचं आणि वहीत नोंद करायची. या नोंदींतून तीन निर्देशांक निघतात.

समजा आपल्या होस्टेलच्या २०० खोल्या तपासल्या आणि १० खोल्यांत अळ्या सापडल्या, तर घर निर्देशांक झाला ५ टक्के. पाण्याची ५०० भांडी पाहिली आणि १५ मध्ये अळ्या होत्या, तर भांडी निर्देशांक ३ टक्के. आणि दर १०० घरांमागे अळ्यांची भांडी किती, तर साडेसात. याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. तिसरा आकडा सगळ्यांत उपयोगी, कारण त्यात घरंही येतात आणि भांडीही. आकडा वाढू लागला की साथ येण्याआधीच खात्याला कळतं. रुग्ण मोजणं म्हणजे झालेलं नुकसान मोजणं, अळ्या मोजणं म्हणजे येणारं नुकसान आधी ओळखणं.

या कामातली खरी अडचण औषधाची नसते, दाराची असते. दार बंद, घरात कुणी नाही, गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी गावाला. तपासायला गेलेल्या माणसावर कुत्रं सोडणारेही असतात. त्यातून हा माणूस बऱ्याचदा कंत्राटी किंवा हंगामी असतो. भर पावसात, शेवाळलेल्या गच्चीवर, हलणाऱ्या शिडीवरून तो आपल्या टाकीत डोकावतो आणि आपण त्याला विचारतो की धूर का नाही मारला!

मग धूर का मारत नाहीत?

मारतात, पण केव्हा? एखाद्या भागात डेंग्यूचे किंवा मलेरियाचे रुग्ण सापडले की त्या घराच्या आसपास. कारण तिथे आधीच विषाणू किंवा परजीवी घेऊन उडणारे डास असू शकतात आणि ते लगेच मारायला हवेत. एवढ्यापुरता धूर बरोबर आहे.

रोजचा उपाय म्हणून मात्र तो फार कमकुवत. धूर फक्त त्या वेळी उडत असलेल्या, धुराच्या कणाचा स्पर्श झालेल्या डासाला मारतो. पलंगाखाली किंवा कपाटामागे बसलेला डास वाचतो. पाण्यातल्या अळीला तर काहीच होत नाही. आज मारलेल्यांच्या जागी उद्या कोषातून नवे डास बाहेर येतात.

त्यात खर्च आणि प्रदूषण वेगळं. घरात फवारायचं पायरेथ्रमचं द्रावण करताना एक भाग अर्काला १९ भाग रॉकेल घेतात. म्हणजे जे फवारलं जातं त्यातलं ९५ टक्के रॉकेल! रस्त्यावरच्या धुरात डिझेल असतं. तो पांढरा ढग आपल्याला औषध वाटतो, पण त्यातला बराचसा भाग इंधनाचा असतो आणि तो दम्याच्या माणसाच्या छातीत जातो.

शिवाय वारंवार एकच विष वापरलं की डास त्याला दाद देईनासे होतात. हा धडा आपल्या देशाने मोठी किंमत देऊन घेतला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये डीडीटी फवारणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. आणि १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. डासांत आलेली प्रतिकारशक्ती हे त्याचं एक कारण, यश आल्यावर आलेली ढिलाई हे दुसरं आणि शहरांतल्या पाण्याकडे झालेलं दुर्लक्ष हे तिसरं.

औषधाचं माप आणि पर्यावरण

ज्या टाकीचं पाणी ओतून देता येत नाही तिथे औषध लागतंच. पण मोजून. पिण्याच्या पाण्यात टेमेफॉस वापरायचं तर जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा आहे लिटरला १ मिलिग्रॅम. आता आपलं गणित करू. १००० लिटरच्या टाकीला १ ग्रॅम मूळ औषध लागेल. वाळूच्या कणांवर चढवलेलं १ टक्क्याचं टेमेफॉस असेल, तर असे कण हवेत १०० ग्रॅम. टाकी अर्धीच भरलेली असेल आणि तुम्ही १०० ग्रॅमच टाकले, तर मात्रा दुप्पट झाली. म्हणजे औषध टाकणाऱ्याला टाकीचं आकारमान काढता आलं पाहिजे. पहिल्या सेमिस्टरचं गणित इथे लोकांच्या पोटात जाणाऱ्या पाण्याशी जोडलेलं आहे.

यापेक्षा नेमकं शस्त्र म्हणजे बीटीआय. हा एक जिवाणू, १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला. तो एक स्फटिकासारखं प्रथिन तयार करतो. अळीने ते खाल्लं की तिच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळून विषारी होतं आणि अळी मरते. आपल्या पोटात आम्ल असतं, त्यामुळे आपल्याला त्याचा तसा त्रास होत नाही. मर्यादा एकच, कोष काही खात नाही, म्हणून त्याच्यावर हे चालत नाही. आणि औषध पुन्हा पुन्हा टाकावं लागतं.

गप्पी मासे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्यासारखाच गॅम्बुशिया हा मासा १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणला गेला. अळ्या खाण्यात पटाईत! पण तो बेडकाची आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्लंही फस्त करतो. आज त्याचं नाव जगातल्या सर्वांत घातक शंभर घुसखोर प्रजातींच्या यादीत आहे. बंद हौदात किंवा कारंज्यात मासे सोडणं वेगळं आणि उत्साहाने नदी-तलावात सोडणं वेगळं. गोव्यात अ‍ॅप्लोकायलस या आपल्याच मातीतल्या छोट्या माशाचा बीटीआयबरोबर प्रयोग झालेला आहे. स्थानिक मासा असेल तर तो आधी, हे सूत्र चांगलं.

'डास होतात' म्हणून खाडीकाठची कांदळवनं तोडा, पाणथळ जागा बुजवा अशी मागणीही अधूनमधून होते. वर आपण पाहिलं की शहरात डेंग्यू-मलेरिया पसरवणारे डास घरातल्या आणि बांधकामावरच्या गोड्या पाण्यात होतात. कांदळवन तोडून डेंग्यू जाणार नाही, फक्त किनारा उघडा पडेल. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून कांदळवनांना संरक्षण दिलं आहे, ते डासांच्या नावाखाली मोडायचं काहीच कारण नाही.

डास नियंत्रण आणि पर्यावरण रक्षण यांची भांडणं लावायची सवय आपल्याला आहे. पण रॉस यांचं गणित आठवा. शेवटचा डास मारायचाच नाहीये. झाकण लावून, पाणी ओतून डासांची संख्या मर्यादेखाली आणली, तर विष कमी लागतं. टाकीचं एक चांगलं झाकण कितीतरी लिटर औषध वाचवतं.

यात आपण कुठे?

सिव्हिलवाल्यांनो, इकडे लक्ष द्या. आयएस ४५६ : २००० प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस क्युरिंग हवं. मिश्र सिमेंट किंवा कोरडी उष्ण हवा असेल तर किमान १० दिवस. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवतात. आता डासाचं वेळापत्रक आठवा, सात ते दहा दिवस. म्हणजे आपल्या कोडमधला क्युरिंगचा काळ आणि डास तयार व्हायचा काळ जवळजवळ एकच! पाणी न बदलता वाफे भरून ठेवले तर काँक्रीट आणि डास एकदमच पक्के होतात. उपाय अवघड नाही. मधे एकदा वाफे पूर्ण कोरडे करून पुन्हा भरा, ओलं गोणपाट वापरा किंवा क्युरिंग कंपाउंड मारा. लिफ्टचा खड्डा आणि तळघरात साठणारं पाणी हेही तसंच, पंपाने काढा किंवा अळीनाशक टाका.

बांधकामावर याचा पहिला फटका कुणाला बसतो? तिथेच पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला. तो दुसऱ्या गावाहून परजीवी अंगात घेऊन आलेला असू शकतो आणि साइटवरचे डास तो परजीवी सगळ्या वस्तीत वाटतात. १९८६ पासून पणजीत मलेरिया वाढला, त्यामागे बांधकामांची मोठी लाट होती. त्यानंतर गोव्याने बांधकाम मजुरांसाठी रक्त तपासणी आणि आरोग्य कार्डाची पद्धत आणली. मुंबईत २०१० मध्ये मलेरियाचे ७६ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. त्यानंतर तपासणी, नोटिसा आणि उपचार नेटाने चालले आणि दहा वर्षांच्या आत वार्षिक आकडा पाच हजारांच्या आसपास आला. पुढे तो पुन्हा थोडा वर गेला. हे काम एकदा करून संपत नाही, याचा आणखी कुठला पुरावा हवा?

आपला हा स्टिफेन्सी आता परदेशीही पोचला आहे. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे फक्त २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ते ७३ हजारांच्या वर गेले आणि या वाढीत स्टिफेन्सीचा मोठा हात मानला जातो. २०२२ मध्ये इथिओपियातल्या डिरे दावा शहरात कोरड्या ऋतूत साथ आली. तिच्या अभ्यासात विद्यापीठाच्या वसतिगृहातले विद्यार्थीही होते. डास तोच, साठवलेलं पाणी तसंच आणि होस्टेलही आपल्यासारखंच. मुंबईने शंभर वर्षांपूर्वी विहिरींवर जे शिकलं, ते आज तिथे कामाला येण्यासारखं आहे.

बाकीच्या शाखांनाही इथे काम आहे. पाणी रोज आणि पुरेशा दाबाने आलं तर लोक पिंपं भरून ठेवणारच नाहीत, म्हणजे पाणीपुरवठ्याचं चांगलं डिझाइन हेही डास नियंत्रण. अळ्यांच्या नोंदी नकाशावर मांडून कुठल्या गल्लीत आधी जायचं हे ठरवणारी छोटीशी प्रणाली कॉम्प्युटरवाल्यांना प्रोजेक्टला घेता येईल. मेकॅनिकलवाल्यांनी वाऱ्याने न उडणारं, एका हाताने उघडणारं टाकीचं झाकण करून दाखवावं. वाटतं तितकं सोपं नाही, करून बघा!

नोकरीचं म्हणाल तर जिल्हा हिवताप अधिकारी, कीटक समाहारक, आरोग्य निरीक्षक अशी पदं या क्षेत्रात असतात. कीटकशास्त्राच्या बाजूला जीवशास्त्राचे पदवीधर लागतात. पुद्दुचेरीच्या वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये यातलं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, आणि विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तर आपल्या पुण्यातच आहे. इंजिनिअर म्हणून पालिकेत गेलात, तर पाणी, मलनिस्सारण किंवा इमारत परवानगी, कुठल्याही टेबलावर हा विषय तुमच्यासमोर येणारच. नकाशावर सही करताना टाकीची शिडी आणि ओव्हरफ्लोची जाळी दाखवली आहे का, हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

होस्टेलपुरतं बोलायचं तर

मोठ्या गोष्टी राहू द्या. दर रविवारी अर्धा तास काढा आणि प्रत्येक विंगमधून दोघांनी एवढं करा :

१. गच्चीवर जाऊन प्रत्येक टाकीचं झाकण नीट बसलं आहे का पाहा. उडालेलं असेल तर वॉर्डनना लेखी कळवा. दोरीने बांधलेलं झाकण म्हणजे झाकण नव्हे.

२. कूलर, बादल्या, मेसच्या मागचे डबे, कुंड्यांच्या ताटल्या रिकाम्या करून आतून घासा. वर्कशॉपमागचे जुने टायर छपराखाली घ्या.

३. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपच्या टोकाला नायलॉनची जाळी बांधा. रुपयांचं काम आहे, पण क्युलेक्सचं येणं-जाणं बंद होतं.

४. ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून गोळ्या खात झोपून राहू नका, रक्त तपासून घ्या. तुमच्या अंगातला परजीवी डासाला मिळाला, की शेजारच्या खोलीचा नंबर लागतो.

आणि पाचवी गोष्ट सगळ्यांत सोपी. पालिकेचा माणूस वही घेऊन आला की गच्चीची किल्ली शोधून द्या, शिडी धरा आणि टाकीत टॉर्च मारताना त्याच्याबरोबर स्वतः डोकावून बघा. अळ्या दिसल्या, तर त्या आडव्या आहेत की तिरक्या, हे आता तुम्हालाही ओळखता येईल.